ध्वनिमुद्रण : संस्था

अधूनमधून एखादी फाइल उघडायची, सुरुवातीचं एखादं वाक्य कानावर घालून घ्यायचं आणि बंद करायची, एवढाच त्याचा ऐकण्याशी संबंध. शितावरून भाताची परीक्षा. टॅगमध्ये लिहिलंय प्रकरण तिसरं आणि आवाजही म्हणतोय प्रकरण तिसरं, म्हणजे झालं, पुढे चला. त्या दुपारी चहाचा कप अजून हातातच होता. त्याने अशीच एक फाइल उघडली आणि तिच्यातून त्याची बायको हसली. "थांब ना, हसू येतंय मला," ती म्हणाली. त्यावर एक पुरुषाचा आवाज, माइकपासून जरा लांबून, अगदी निवांत: "हस की. टेप संस्थेची आहे, आपलं काय जातंय?" मग पुन्हा तिचं हसू. नाकातून सुरू झालेलं, आवरता आवरता फुटलेलं, शेवटी धाप लागून थांबलेलं. मग घोटभर पाणी. मग तिचा तो सगळ्यांच्या ओळखीचा, धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ आवाज: प्रकरण तिसरं.

त्याने फाइल मागे नेली. पुन्हा ऐकली. चहा निवला. हे हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. बायकोचं हसणं म्हणून त्याला जे माहीत होतं ते तोंडावर हात ठेवून हसणं होतं, पाहुण्यांच्या विनोदाला द्यायचं, चारचौघांतलं. ते तिचं हसू असं तो इतकी वर्षं समजून चालला होता. आणि इथे, एका नंबराच्या नावाने पडलेल्या फाइलीत, तिचं दुसरंच हसू इतकी वर्षं सुखरूप होतं. माहितीच्या तक्त्यात त्या फाइलीच्या ओळीवर साल होतं. त्यांच्या लग्नानंतरचं साल. लग्नाआधीचं असतं तर त्याने मन मोठं केलं असतं. आधीच्या गोष्टींबद्दल मन मोठं करायला फारसं काही लागत नाही.

ते ग्रंथालय न दिसणाऱ्यांसाठी होतं. हौशी लोक येऊन पुस्तकं मोठ्याने वाचायचे, ती टेपवर उतरवली जायची आणि सभासदांच्या घरी जायची. टेपांना बुरशी धरू लागली तेव्हा त्यांच्या कंप्युटरवर फाइली केल्या गेल्या. खोक्यांवरची माहिती ग्रंथपालबाईंनी एका तक्त्यात टाइप केली आणि खोकी रद्दीत गेली. फाइली राहिल्या हजारोंनी, नुसते नंबर ल्यालेल्या. त्याचं काम त्या तक्त्यातली एकेक ओळ एकेका फाइलीत घालण्याचं: पुस्तक, लेखक, प्रकरण, वाचन कोणाचं, ध्वनिमुद्रण कोणाचं, साल. बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तसं, फक्त चिकटवायला एक प्रोग्रॅम होता. तो ओळीमागून ओळ उचलायचा आणि फाइलीमागून फाइलीला डकवायचा. ध्वनिमुद्रकाचा रकाना रिकामा असला, आणि जुन्या टेपांचा तो बहुधा असायचाच, तर प्रोग्रॅम तिथे आपणहून 'संस्था' असं लिहायचा. टॅग लागले की मग कापणी: पुढची खाकरणी, मागची शांतता छाटून टाकायची. तेही त्याच्याकडेच. आधीची नोकरी सुटल्यावर बायकोच्या वशिल्याने तो इथे चिकटला होता. तिने वाचन आता थांबवलं होतं, आवाज पूर्वीसारखा टिकत नाही म्हणायची; आठवड्यातून एकदोनदा येऊन नव्या वाचकांना कुठे श्वास घ्यायचा ते शिकवायची. काम त्याला जमलं होतं. एकदाच काय तो घोटाळा झाला. तक्त्यातला एकच रकाना त्याने अकारविल्हे लावला, बाकीचे होते तिथेच राहिले, आणि प्रोग्रॅमने इमानेइतबारे सगळ्यांच्या टोप्या सगळ्यांना घातल्या. एका निवृत्त न्यायाधीशांनी पुराव्याच्या कायद्यावरचं पुस्तक मागवलं होतं, त्यांच्या हाती बाळाच्या दात येण्यावरचं पडलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि 'उपयुक्त' असा निरोप पाठवला. ही गोष्ट त्याने घरी सांगितली तेव्हा बायको हसली होती. तोंडावर हात ठेवून.

हसण्याच्या त्या फाइलीच्या ओळीत ध्वनिमुद्रकाच्या रकान्यात जे नाव होतं ते त्याने वाचलं आणि त्याला आठवलं, ह्या माणसाला ग्रंथालयात सगळे बोका म्हणायचे. माइक चालू असताना चाहूल लागू नये म्हणून तो खोलीत मोज्यांवर फिरायचा. काचेपलीकडे वेगळं बसायचं वगैरे थाट तिथे नव्हता. एकच खोली, एक टेबल, एका बाजूला वाचणारा आणि समोर बोका. काही वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तो मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. बोक्याला त्याने एकदाच पाहिलं होतं, जिन्यात. सामान्य उंची, सामान्य चेहरा, पुढे आलेलं पोट. हेवा वाटावा असं त्या माणसात काही नव्हतं, आणि तेच आता त्याला जास्त लागलं. माणूस देखणा असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

मग त्याने तेच केलं जे करू नये हे त्याला कळत होतं. बोक्याचं नाव आणि बायकोचं नाव ज्या ज्या ओळीत एकत्र होतं त्या सगळ्या फाइलींच्या सुरुवाती तो ऐकू लागला. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसा. "आज घसा बसलाय का गं?" "नाही रे, जिने चढून आले." "मग बस जरा. घाई कोणाला आहे?" कधी खुर्चीची करकर, कधी नुसतं "हं, घे." कधी ती म्हणायची, "ह्या बाईने किती लांब वाक्यं लिहिलीत, हिला काय श्वास लागतच नाही?" आणि बोका म्हणायचा, "तुला पुरतो ना? मग झालं." त्यात आक्षेप घ्यावा असं काहीच नव्हतं. कोर्टात उभं केलं असतं तर त्या न्यायाधीशांनी पहिल्या तारखेला खटला काढून टाकला असता. पण अंगाचा तिळपापड व्हायला पुरावा कुठे लागतो? त्याला त्या वर्षांतली आपली संध्याकाळ आठवायची. ती दमून यायची, चपला काढायची, म्हणायची, "आवाज संपला रे आज." तो म्हणायचा, "नको बोलूस." चहा ठेवायचा. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची, बाहेर अंधारून यायचं आणि कोणी उठून दिवा लावायचं नाही. तो तिला एक शब्द बोलायला लावायचा नाही, ह्याचा त्याला अभिमान होता. बाकीचे नवरे बायका बोलतात म्हणून कुरकुरायचे, नाहीतर बोलत नाहीत म्हणून. त्याचा हिशोब सरळ होता: जगाला तिचा आवाज, आपल्याला तिचं गप्प बसणं. आणि दोहोंतलं मोलाचं आपल्या वाट्याला आलं, असं तो मनातल्या मनात धरून बसला होता. आता त्याला वाटू लागलं, आपल्याला उरलंसुरलं मिळालं. भांडं तिकडे रिकामं व्हायचं आणि खरवड घरी यायची.

घरी तो तिला हसवायला लागला. जेवताना विनोद सांगायचा, जुन्या नोकरीतल्या साहेबाची नक्कल करायचा, एकदा तर डोक्यावर टोपली ठेवून बाल्कनीतून आत आला. तिने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "काय होतंय तुला?" ती म्हणाली. "पोट बरं आहे ना?" त्याने टोपली काढून ठेवली. मग भाजी निवडता निवडता, जसं काही आत्ताच सुचलं तसं दाखवत, तो म्हणाला, "तुमच्या वेळचा तो ध्वनिमुद्रक, कसा होता गं?"

"बोका? का रे?"

"काही नाही. तक्त्यात नाव येतं सारखं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "त्याला कान होता," ती म्हणाली.

"कान काय, सगळ्यांनाच असतो."

"तसं नव्हे. ऐकायचा तो. तुम्ही काय वाचताय ते नाही, तुम्हाला. आपलं वाक्य चुकायच्या आधीच त्याला कळायचं आणि तो नुसता हात वर करायचा."

"आणि मी? मीही दिवसभर तुमच्या फाइलींतच असतो."

"तू टॅग लावतोस की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, खरं तेच सरळ सांगितलं होतं. पण सरळ सुईही टोचतेच. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं, आणि ते कोणाच्या हातून, ह्यावर दोघांत थोडी चकमक झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने तक्ता उघडला. त्याच्या मनात एवढंच होतं की बायकोच्या ओळींतून तेवढं ते नाव काढायचं. पण एकेक ओळ निवडत बसण्याचा त्याला कंटाळा आला. अशा कामाची एक वाईट खोड असते: एक गोष्ट एका जागी बदलण्यापेक्षा सगळीकडे बदलणं सोपं असतं. त्याने शोधायच्या चौकटीत बोक्याचं पूर्ण नाव घातलं, त्याऐवजीच्या चौकटीत 'संस्था' असं लिहिलं. मशीनने विचारलं, सगळीकडे बदलायचं? त्याने हो म्हटलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बोका तक्त्यातून गेला. बायकोच्या पुस्तकांतूनच नव्हे. पोस्टमनने वाचलेल्या शिकारकथांतून, डॉक्टरीणबाईंनी वाचलेल्या प्रवासवर्णनांतून, मुलांच्या परीकथांतून, सगळीकडून. मग त्याने प्रोग्रॅम चालवला. नव्या तक्त्याने जुन्याची जागा घेतली, हीच त्यांची पद्धत होती, नाहीतर दोन तक्ते होऊन गोंधळ व्हायचा. पडद्यावर ओळी सरसर वर जात राहिल्या: संस्था, संस्था, संस्था. कित्येक वर्षांच्या बेनाव टेपांच्या गर्दीत बोकाही बेनाव होऊन मिसळला. कोणाचा खून झाला नव्हता. कोणाच्या लक्षातही येणार नव्हतं. पुस्तक कोणी रेकॉर्ड केलं हे कोण विचारतं? तो त्या दिवशी पोटभर जेवला, आणि झोपही चांगली लागली.

बोका गेल्याची बातमी फोनवर आली ती एका रविवारी सकाळी. बायको खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती, "हो, हो," म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "बोका गेला रे." मग तिने कुंड्यांना पाणी घातलं. जराशाने पुन्हा घातलं. पाणी कुंडीखालून वाहत दाराशी आलं तेव्हा त्यानेच फडकं आणलं. ती रडली असती तर तो तिच्या जवळ गेला असता, निदान गेलो असतो असं त्याला वाटलं. पण ती रडली नाही, आणि तिच्या न रडण्याचाही त्याला हेवा वाटला. जिवंत माणसाशी एक वेळ भांडता येतं. मेलेला माणूस आपल्यापेक्षा कायमचा चांगला होऊन बसतो आणि त्याचं पुढे आलेलं पोटही कोणाला आठवत नाही.

ग्रंथपालबाईंनी ठरवलं की पुढच्या रविवारी सभासद नि वाचक मिळून सगळ्यांनी जमायचं आणि भाषणं न करता बोक्याने ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांतले तुकडे ऐकायचे. त्या त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "काढ बघू त्याची यादी." त्याने नाव टाइप केलं. आपल्या बोटांकडे तो परक्या माणसाच्या बोटांकडे पाहावं तसा पाहत होता. पडद्यावर आलं: काही सापडलं नाही.

"असं कसं होईल?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मी स्वतः टाइप केलंय ते नाव, बोटं मोडेपर्यंत! अर्धं ग्रंथालय त्याने केलंय!"

"प्रोग्रॅमचा घोळ असेल," तो म्हणाला. "मागे नाही का झाला होता तसा."

"जळो तुझा तो प्रोग्रॅम! आता माणूस गेला, खोकी गेली, विचारायचं कोणाला?" बाई म्हणाल्या. "म्हणजे त्याने काय केलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही?"

तेव्हा त्याची बायको तिथे आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे वाकून बाकीच्या दोन ध्वनिमुद्रकांची नावं शोधायला सांगितली. ती दोन्ही आली, जिथल्या तिथे, ओळीच्या ओळी. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि ग्रंथपालबाईंना म्हणाली, "हा शोधेल. ऐकून."

"ह्या सगळ्या 'संस्थां'मधून? अगं, ढीग आहे तो."

"ऐकेल," ती म्हणाली. "वेळ आहे त्याच्याकडे."

मग तो ऐकायला बसला. सकाळी यायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि एकेका बेनाव फाइलीच्या दाराशी उभं राहायचं: आत बोका आहे का? पहिल्या दिवशी तो बोलला तरच कळायचं. मग हळूहळू बाकीच्या खुणा कळू लागल्या. दुसरा एक ध्वनिमुद्रक सुरुवात करण्याआधी टेबलावर टकटक करायचा; तिसरा "चला, आटपा" म्हणायचा. बोका पुरुषांना "घ्या" म्हणायचा, वयस्कर बायकांना "सावकाश घ्या", आणि म्हणण्याआधी एकदा नाक ओढायचा. त्याची खुर्ची डावीकडे करकरायची. काही बोललाच नाही तरी एक विशिष्ट गप्पपणा असायचा, तेवढ्यावरून त्याला कळायचं की समोर हाच बसलाय. जेवायच्या सुट्टीत तो स्वतः नाक ओढू लागला आणि दचकला. ह्या माणसाला इतकं बारकाईने त्याच्या मुलीनेही ओळखलं नसेल. ज्याचं नाव निघालं तरी आपलं डोकं फिरायचं, त्याचं नाव तो ओळीमागून ओळ, एकेक अक्षर करून, परत लिहीत होता. ह्यावेळी 'सगळीकडे बदलायचं?' हा प्रश्न नव्हता. पाडायला एक बोट पुरलं होतं. उभं करायला आठवडा लागला.

आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. पोस्टमनही हसला होता. शिकारकथेच्या सुरुवातीलाच, वाघाच्या आधी, त्याला हसू आवरेना आणि बोका म्हणाला होता, "हसा की. टेप संस्थेची आहे, आपलं काय जातंय?" डॉक्टरीणबाईंना त्याने हेच सांगितलं होतं. परीकथा वाचणारी एक मुलगी घाबरून रडू लागली तेव्हा तिलाही, थोडं बदलून. म्हणजे ते वाक्य बायकोचं नव्हतंच! येईल त्या सगळ्यांसाठी होतं ते, दारातल्या पायपुसण्यासारखं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने हेडफोन काढून खिडकी उघडली. एवढ्यासाठी आपण जिवाची लाही लाही करून घेतली! बोका सगळ्यांनाच हसवायचा, सगळ्यांनाच निवांत करायचा; तो त्याच्या कामाचाच भाग, जसे आपले टॅग. त्याला बोक्याबद्दल जवळजवळ प्रेमच वाटलं. संध्याकाळी घरी जाताना बायकोसाठी काहीतरी न्यावं, असंही त्याच्या मनात आलं.

त्याच्या लगेच नंतर एक फाइल आली. बायकोचंच वाचन, एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण. सुरुवातीला नाक ओढल्याचा आवाज, "हं, घे." ओळख पटली होती, नाव लिहून पुढे जायचं एवढंच होतं. पण मन हलकं झालं होतं, म्हणून त्याने ते प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं. तिने शेवटचं वाक्य वाचलं. शेवटचं वाक्य संपलं की बोका टेप लगेच बंद करायचा, खट्. तीही त्याची खूणच. इथे खट् आलं नाही. टेप चालू राहिली. कोणी काही बोललं नाही. लांबून एका गाडीचा हॉर्न. कप बशीत ठेवल्याचा आवाज. खुर्ची डावीकडे करकरली. मग काही नाही. आणि त्या काही नसण्यात, हेडफोन कानावर दाबून धरला तर, दोन माणसांचे श्वास. पडद्यावर आवाजाची रेघ आडवी पडली होती, मधूनच एखादं कुसळ उठावं तेवढीच. ती पुढे पुढे जात राहिली. पानं उलटली नाहीत, कोणी उठलं नाही, कोणी हसलं नाही. टेप संपेपर्यंत दोघं तशीच बसून होती.

हे मात्र त्याला ओळखायला कान लागला नाही. हे त्याच्या घरचं होतं. अंधारून येणारं स्वयंपाकघर, समोरासमोर ठेवलेले कप, न लावलेला दिवा. हे त्याचं एकट्याचं होतं. हसू घ्या, शब्द घ्या, लांब वाक्यांवरची टीका घ्या. ते सगळं त्याने सोडून दिलं होतं. पण हे? पोस्टमनबरोबर बोका असा बसला नव्हता. कोणाबरोबरच बसला नव्हता. कापणीचं बटण समोरच होतं. मागची शांतता छाटायची हा नियम होता, त्याने केलेला नव्हे, संस्थेचा. कोणी नावं ठेवली नसती. त्याने बटणावर बोट ठेवलं. बोट ठेवून तो ती टेप पुन्हा पहिल्यापासून ऐकत राहिला. कपाचा आवाज दोनदा यायला हवा होता, दोन कप असतील तर. एकदाच आला. एकच कप होता का? कोणाचा? ऑफिस सुटायची वेळ झाली आणि दुसऱ्या खोलीतल्या बायका पर्सा उचलून निघाल्या तरी त्याचं ठरत नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातच होती. तिने चहा ठेवला. दोघं टेबलाशी बसली. "सापडली सगळी?" तिने विचारलं.

"सापडली."

"त्यात एक असेल बघ," ती म्हणाली. "वाचून झाल्यावर टेप बंदच केलेली नाही."

त्याने कप खाली ठेवला. "आहे."

"छाटलंस?"

"नाही."

"मग रविवारी ते लाव. शेवटी."

"लोक म्हणतील मशीन बिघडलं."

"म्हणू देत."

तो बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग न राहवून म्हणाला, "काय झालं होतं गं त्या दिवशी?"

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. दोनदा."

"मग तेवढंच झालं होतं."

त्याला आणखी विचारायचं होतं. कप कोणाचा होता, हे विचारायचं होतं. हे असं कितीदा झालं, आणि टेप चालू नसताना झालं का, आणि मग संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर बसायचीस ते काय होतं. पण तीच बोलली, आवाज न चढवता, नव्या वाचकाला चूक दाखवावी तशी. "एक सांग. प्रोग्रॅम चुकला की सगळ्यांचंच चुकतं ना? त्या न्यायाधीशांच्या वेळी झालं तसं. मग एकाच माणसाचं नाव इतकं नेमकं कसं पुसलं जातं रे?"

तिने उत्तराची वाट पाहिल्यासारखं केलं नाही. बाहेर अंधारून येत होतं. कोणी दिवा लावायला उठलं नाही. पूर्वी अशा वेळी त्याला किती बरं वाटायचं. आता तो कान देऊन ऐकत होता: लांबून एक हॉर्न, तिने बशीत कप ठेवल्याचा आवाज, त्याच्या खुर्चीची करकर, दोन माणसांचे श्वास. त्याने ते श्वास पुन्हा मोजले, दोनच होते. तरी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत मोजे घातलेला कोणीतरी बसलाय आणि हे सगळं ऐकतोय, हे त्याच्या मनातून जाईना.